रानात जाणाऱ्याची विजार

चोर्ला घाटातून किंवा खानापूरच्या रानातून संध्याकाळी परतलेली तरुण मंडळी चहाच्या टपरीवर टेकतात, तेव्हा त्यांच्यातला एखादा गडी पाठीवरची पिशवी कमरेमागे धरून उभाच राहतो. काही केल्या बाकावर बसत नाही. त्याला कारण विचारण्याची गरज नसते. विजार नवी असते, किंमतही बरीच मोजलेली असते, कापडाला कुठे ओरखडासुद्धा नसतो. पण एखाद्या उंच दगडावर पाय टाकताना आसनाची शिवण वीतभर उसवलेली असते. घरी आल्यावर दोष दिला जातो तो कापडाला. कापड बिचारे निरपराध असते.

हल्ली शहराशहरांतून ज्या जाडजूड, सहा-आठ खिशांच्या विजारी ‘टॅक्टिकल’ ह्या भारदस्त नावाने विकल्या जातात, त्यांच्याविषयी दोन गोष्टी जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. डोंगर चढणारे, रानवाटा तुडवणारे आणि प्लॅस्टिकच्या गोळ्यांची लुटुपुटीची लढाई खेळणारे अशा तिन्ही प्रकारच्या हौशी लोकांना ही विजार एकाच दुकानात आणि एकाच स्तुतिस्तोत्रासह दाखविली जाते. वस्तुतः ह्या तिघांच्या गरजा एक नाहीत. काही बाबतीत तर त्या परस्परविरुद्ध आहेत, आणि त्या विरोधाकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. ते कसे, हे पुढे येईलच.

प्रथम शिवणीचे. अमेरिकेतील नेवाडा प्रांतातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. मजुरांच्या विजारी फाटतात त्या खिशांच्या कोपऱ्यांतून, हे त्याने हेरले आणि त्या कोपऱ्यांवर त्याने तांब्याच्या खिळ्या ठोकल्या. ही युक्ती इतकी लोकप्रिय झाली की तिचे पेटंट घेण्यासाठी त्याने सॅन फ्रान्सिस्कोचे कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना भागीदार करून घेतले आणि २० मे १८७३ रोजी ते पेटंट मिळाले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या जीनचा जन्म तो हाच. ह्या कथेत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की डेव्हिसने कापड बदलले नाही. ताण जिथे एकवटतो ती जागा तेवढी त्याने बळकट केली. विजार तिच्या सर्वांत मजबूत भागाइतकी नव्हे, तर सर्वांत दुबळ्या टाक्याइतकी टिकते.

हल्ली खिळीची जागा बहुधा दाट, आखूड आडव्या टाक्यांच्या पट्टीने घेतली आहे. पट्टा ओवण्याच्या लुपांची दोन्ही टोके, खिशांचे कोपरे आणि पुढच्या चेनचा तळ ह्या ठिकाणी ही पट्टी आहे की नाही, हे पाहायला दिव्याचीसुद्धा गरज नाही. बोट फिरवले की ती हाताला लागते. त्यानंतर विजार सरळ उलटी करावी. दुकानदाराला हे आवडत नाही, पण ती विजारीची खरी बाजू आहे. आसनाची आणि मांडीच्या आतल्या अंगाची शिवण एकेरी टीप मारून, कापडाच्या कडा नुसत्या गुंफून सोडलेली असेल, तर ती विजार कचेरीत बसणाऱ्यासाठी आहे असे समजावे. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून त्यांवरून दोन किंवा तीन समांतर टिपा घातलेल्या असतील, तर ती शिवण ताण सोसते आणि मांडीला घासतही नाही. हे दुसरे कारणही क्षुल्लक नव्हे. वीस किलोमीटर चालल्यावर घामाने भिजलेली जाड शिवण मांडीची जी दशा करते, तिचे वर्णन सभ्य भाषेत करता येत नाही.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मियानी. दोन पायांच्या सांध्यात बसवलेला तो चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा आपल्याकडच्या सुरवारीत पिढ्यान् पिढ्या आहे. तो असल्यामुळे माणूस मांडी घालून बसला, घोड्यावर बसला किंवा उकिडवा बसला, तरी चार शिवणी एका बिंदूत येऊन तिथे सारा ताण पडत नाही. साहेबाची पाटलोण आली ती खुर्चीत बसण्यासाठी. तिच्यात मियानीची गरज नव्हती आणि ती गळाली. आता गिर्यारोहकांच्या विजारीत हाच तुकडा परदेशी नाव धारण करून परत आला आहे आणि त्याचे पैसे वेगळे घेतले जातात! असो. तो असला म्हणजे पुरे. दुकानातल्या तयार विजारीत तो नसेल, तर गल्लीतला जुना शिंपी थोड्याशा कापडात तो घालून देऊ शकतो. मात्र विजार फाटण्यापूर्वी त्याच्याकडे गेले पाहिजे.

आता कापडाकडे वळू. ह्या बाबतीत आपला मुलूख काही मागे नव्हता. मुंबईच्या डोंगरी भागावरून नाव पडलेले जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकातच इंग्रजांच्या व्यापारात होते, आणि मजुराच्या मळखाऊ पोशाखाला इंग्रजीत अद्यापि ‘डंगरी’ म्हणतात ते त्यावरूनच. इंदूरची हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. तथापि अशा गिरणीत उमेद घालवलेला एखादा वृद्ध कामगार शेजारी असेल, तर कापड घेण्यापूर्वी ते त्याच्या अंगठ्या-तर्जनीत द्यावे. छापील चिठ्ठी जे सांगत नाही ते त्याची बोटे सांगतात.

ज्यांना असा शेजार नाही त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात: धागा कोणता, वीण कोणती आणि वजन किती. वजन चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये मोजतात. जीनचे नेहमीचे जाड कापड चारशे ग्रॅमच्या आसपास असते. रानातल्या विजारीचे चांगले कापड दोनशे ते अडीचशे ग्रॅमचे. जाड तेच टिकाऊ हा समज इथेच ढासळतो. कोकणपट्टीच्या आणि गोव्याच्या दमट हवेत चारशे ग्रॅमची जीन पावसात भिजली की ती पोशाख न राहता ओझे होते. ती गुडघ्याला चिकटते, पाऊल उचलू देत नाही आणि रात्रभर शेकोटीशेजारी धरली तरी सकाळी दमटच राहते. शंका असेल त्याने घरच्या घरी आपली विजार कोरडी आणि नंतर भिजवून, पाणी निथळू देऊन तागडीत घालावी. तो आकडा पाहून पुष्कळांनी ती घाटात नेणे सोडून दिले असते.

धाग्यांपैकी सूत पाणी फार पिते, पण त्याचा एक गुण असा की ते ओले झाल्यावर दुबळे होत नाही, उलट किंचित बळकटच होते. नायलॉन घर्षणाला सर्वांत चिवट. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही आणि लवकर वाळते. व्हिस्कोस रेयॉन मात्र रानाच्या विजारीत कधी घेऊ नये. हाताला ते रेशमासारखे लागते, पण भिजल्यावर त्याची निम्मी शक्ती नाहीशी होते. सूत आणि पॉलिएस्टर यांचे पस्तीस-पासष्टचे मिश्रण हे आपल्या हवेला एकंदरीत मानवणारे आहे. दोन-चार टक्के ताणला जाणारा धागा त्यात असेल तर चढायला सुख वाटते. मात्र हाच धागा कडक उष्णतेने आणि वयाने सर्वांत आधी थकतो व विजारीचे गुडघे फुगल्यासारखे दिसू लागतात.

एक धोका दुकानात कोणी सांगत नाही. सूत जळते आणि त्याची राख होते. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळतात. साधारण सव्वादोनशे ते दोनशे साठ अंशांच्या दरम्यान हे धागे पातळ होतात आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून बसतो. चुलीची ठिणगी नायलॉनच्या विजारीला भोक पाडते एवढेच नव्हे, तर खाली चटका देते. म्हणून तळ ठोकल्यावर स्टोव्ह पेटविणाऱ्याने आणि शेकोटी फुंकणाऱ्याने सुती विजार घालावी.

विणीत एक प्रकार विशेष उल्लेखनीय आहे. कापडावर बारीक चौकटी दिसतात, गणिताच्या वहीसारख्या. दर पाच ते आठ मिलिमीटरांवर उभ्या आणि आडव्या दिशेने एक जाड धागा घातलेला असतो. काटा लागून कापड फाटू लागले तरी फाट त्या जाड धाग्यापाशी येऊन थबकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई छत्र्यांच्या नायलॉनसाठी ही वीण प्रचारात आली. पुढे १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या सुती पोशाखात ती उतरली. ह्या विणीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. ती कापड फाटू देत नाही असे नव्हे. फाटलेले पुढे जाऊ देत नाही. करवंदीच्या जाळीतून जाणाऱ्याला ती वरदान आहे. पण कातळावर बसून घसरत उतरणाऱ्याला घर्षणापुरता तिचा उपयोग थोडा. त्याला तिरकस रेघांचे दाट ड्रिल कापडच बरे.

गुडघ्यांवर दुहेरी कापड असावे हे कोणालाही पटेल. १९४४ साली नॉर्मंडीवर उतरण्यापूर्वी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांच्या विजारींना गुडघ्यांवर जाड किंतानाचे तुकडे शिवून देण्यात आले होते, कारण मूळ विजार तिथे टिकत नाही असा अनुभव आला होता. आज त्या जागी पाचशे किंवा हजार डेनियरचे नायलॉन लावतात. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन; आकडा मोठा तितका धागा जाड. परंतु हजार डेनियरचा तुकडा दोनशे ग्रॅमच्या कापडावर शिवला, तर तुकडा अभंग राहतो आणि त्याच्या कडेने मूळ विजार फाटते. पाचशेचा पुरे. दुहेरी गुडघ्याचा आणखी एक गुण म्हणजे त्याच्या आत पातळ गादी सरकवता येते. गोळ्यांचा खेळ खेळणाऱ्याला ती हवीच; कारण त्याचा अर्धा वेळ गुडघ्यांवर जातो.

ह्या खेळाविषयी दोन शब्द. त्याचा उगम १९७० नंतरच्या दशकात जपानात झाला. तेथे सामान्य नागरिकाला खरी बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य. म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या पण सहा मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी फेकणाऱ्या बंदुका निघाल्या. गोळी बहुधा पाव ग्रॅमहूनही हलकी असते. उघड्या कातडीवर ती लाल चकंदळ उठविते. सैल आणि दाट विणीच्या कापडाआडून तिचा मार बराच सौम्य होतो. म्हणून ह्या खेळाडूने विजार अंगाला घट्ट बसणारी घेऊ नये. कापड आणि कातडी यांत थोडी हवा खेळती राहिली पाहिजे. डोळ्यांची गोष्ट वेगळी. विजारीवर हजारो रुपये खर्चून डोळ्यांना बाजारू चष्मा लावणारे वीर पाहिले, की पैसा कोणत्या टोकाला लागतो याचे नवल वाटते.

मांडीवरचे मोठे खिसे हाही सैन्याचाच वारसा. ब्रिटिश सैनिकाच्या महायुद्धकालीन विजारीत डाव्या मांडीवर नकाशासाठी मोठा खिसा होता. अमेरिकन छत्रीधाऱ्यांनी १९४२ साली दोन्ही मांड्यांवर फुगीर खिसे घेतले. ‘टॅक्टिकल’ विजारीचा आजचा घाट मात्र एका गिर्यारोहकाकडून आलेला आहे. योसेमिटी खोऱ्यातल्या हाफ डोमच्या वायव्य कड्यावर १९५७ साली प्रथम चढून गेलेल्या तिघांपैकी एक असलेले रॉयल रॉबिन्स यांनी पुढे कपड्यांचा व्यवसाय काढला. कडा चढण्याच्या काठिण्याची जी मोजपट्टी आहे, तिच्यातल्या एका पायरीवरून त्यांच्या एका विजारीला ‘५.११’ असे नाव पडले. क्वांटिको येथील अमेरिकन संघीय तपास विभागाच्या शिक्षणसंस्थेत ती प्रिय झाली आणि तिथून पोलिसांत व शिकाऱ्यांत पसरली. म्हणजे ज्या वस्त्राला लोक आज शिपायाचे समजतात, ते मुळात कडा चढणाऱ्याचे आहे.

खिसे किती असावेत? चार चांगले शिवलेले खिसे आठ लोंबकळणाऱ्या खिशांपेक्षा बरे. मांडीच्या खिशात पाण्याची बाटली घालून चढून पाहावे. दर पावलागणिक ती गुडघ्यावर आपटते. खिशाला झडप असावी आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्र असावे. चिकटपट्टीची झडप ओल्या मातीने आणि कुसळांनी भरून निकामी होते. जुने बटण त्यापेक्षा विश्वासू.

आता रंग. वरवर पाहता हा हौसेचा विषय वाटतो, परंतु ज्या विरोधाचा उल्लेख आरंभी केला तो इथेच दडलेला आहे.

१८४६ साली हॅरी लम्सडेन यांनी पेशावरला गाइड पथक उभारले आणि आपल्या शिपायांना धुळीत मिसळून जाईल असा मातकट पोशाख दिला. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. त्यापूर्वी सैनिक दिसावा म्हणून लाल कपडे घालत. त्यानंतर दिसू नये म्हणून मातकट घालू लागले. लपणे हा खाकीचा धर्म आहे, आणि गोळ्यांचा खेळ खेळणाऱ्याला तो हवाच असतो. पण बेळगाव किंवा महू यांसारख्या लष्करी छावण्यांच्या गावी राहणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. भारतीय सेनेने १५ जानेवारी २०२२ रोजी प्रकट केलेला नवा ठिपकेदार पोशाख हा सेनेचा आहे. तो बाजारातून घेऊन मिरविण्यासाठी नाही. सैनिक असल्याचा भास व्हावा ह्या हेतूने सैनिकी पोशाखासारखे वस्त्र घालणे हा पूर्वी दंडसंहितेच्या १४० व्या कलमाखाली गुन्हा होता; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो १६८ व्या कलमात आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा हेतू पाहतो हे खरे. पण रानाच्या कडेला, हातात बंदुकीसारखी वस्तू आणि अंगावर ठिपके असताना हेतू समजावून सांगण्याची पाळी येऊ न देणे शहाणपणाचे. एकरंगी मातकट किंवा हिरवट कापडाने खेळात काही कमी पडत नाही.

रानात चालणाऱ्याने मात्र हेही कापड घेऊ नये. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात १९५७ साली माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली, आणि गोचिडींतून पसरणारा एक नवा विषाणू सापडला. लोक ह्या रोगाला माकडताप म्हणतात. कित्येक दशके तो त्या जिल्ह्याच्या आसपासच होता. परंतु २०१५ पासून गोव्याच्या सत्तरीत, २०१६ पासून सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण आढळू लागले आणि बेळगाव जिल्ह्यालाही त्याची झळ लागली. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. ह्यावरची जुनी लस आता दिली जात नाही. गोचिडीची पिल्ले फार लहान असतात आणि हिवाळ्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत पालापाचोळ्यात त्यांचा सुळसुळाट असतो. म्हणजे नेमक्या त्याच महिन्यांत, जेव्हा शहरातले हौशी लोक रानात जातात आणि गावातली माणसे काजू वेचायला जातात.

गडद हिरव्या किंवा ठिपकेदार कापडावर तिळाएवढी गोचीड दिसत नाही. जो रंग माणसाला लपवितो तोच गोचिडीलाही लपवितो. फिक्या बदामी किंवा राखी कापडावर ती चालताना दिसते आणि चावण्यापूर्वी झटकता येते. म्हणून ह्या मुलखातल्या रानासाठी विजार फिकी, दाट विणीची आणि अरुंद मोहरीची असावी. मोहरी मोज्यांत खोचता आली पाहिजे. ज्या विजारींची मोहरी बुटांवर घंटेसारखी पसरते, त्या छायाचित्रात शोभतात. रानात त्या गोचिडीला आणि पावसाळ्यात जळवांना आमंत्रणपत्रिका ठरतात. मोज्यांवर आणि मोहरीवर ‘डेपा’ हे गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. ह्या भागातली आरोग्यखाती रानात जाणाऱ्यांना त्याचीच शिफारस करतात. आणि मेलेले माकड दिसले, तर त्याच्या जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

ह्या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट मनाला टोचते. शहरातला तरुण वर्षातून चार रविवार रानात जातो आणि त्याच्यासाठी जगातली उत्तमोत्तम कापडे विणली जातात. सत्तरीतली काजू वेचणारी बाई रोज तिथे वाकते. तिच्या घोट्याभोवती असते ते जुने लुगडे. टिकाऊ, दाट, मोज्यांत खोचता येणाऱ्या विजारीची खरी गरज कोणाला आहे, याचा विचार कापड बनविणाऱ्यांनी अद्याप केलेला दिसत नाही. तिच्यासाठी स्वस्त, हवेशीर आणि लुगड्याखाली घालता येईल असा सुती चोळणा कुणी शिवला, तर तो ह्या सर्व परदेशी विजारींपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

दुकानात गेल्यावर काय करावे, ते थोडक्यात. आरशासमोर सरळ उभे राहून विजार पारखू नये. आरशासमोर कोणतीही विजार बरी दिसते. उकिडवे बसावे. एक पाय कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर ठेवावा. आसन ओढले गेले किंवा कंबर मागून खाली घसरली, तर माप चुकले. कंबरेपेक्षा आसनाची उंची महत्त्वाची, कारण कंबर शिंप्याकडून आत-बाहेर करून घेता येते, आसन नाही. नंतर कापड उजेडासमोर धरावे. वीण विरळ असेल तर उजेड टिपक्याटिपक्यांनी दिसतो. शेवटी शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापड धरून ताणावे. टाके दात विचकल्यासारखे उघडे पडले, तर घडी करून परत द्यावी.

विजार घेतल्यावर ती प्रथम धुऊन मगच तिची लांबी कापून घ्यावी. सुती मिश्रण पहिल्या धुण्यात आटते. कापलेले मोहरीचे तुकडे शिंप्याकडून मागून आणावेत. पुढे गुडघा झिजू लागला, की भोक पडण्याची वाट न पाहता त्याच कापडाचे ठिगळ आतल्या बाजूने लावून घेता येते आणि ते बाहेरून दिसतही नाही. रानातून परतल्यावर विजार खुंटीवर किंवा पलंगावर टाकू नये. ती दारातच उतरवून, खिसे उलटे करून सोसवेल तितक्या कढत पाण्यात साबणासह बुडवावी, आणि मग स्नानाला जाताना गुडघ्यामागची खाच, जांघ आणि कंबरेच्या पट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपून पाहावी.